नाव विचारू नका, तोंड उघडून बघा



आज बचत, कर्ज, हप्ते यातलं काही नाही. आज मासळीबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, नाशिक जिल्ह्याला कुठला आला समुद्र? खरं आहे. आपल्याला गंगापूर धरणाचा, दारणेचा मासा माहीत. रोहू, कटला, मरळ आपण अंधारातही ओळखू. पण कसारा घाट चढून बर्फातून जी पेटी येते, तिच्यातले निम्मे मासे आपण फक्त विकणाऱ्याच्या शब्दावर ओळखतो. तो म्हणाला पापलेट, की पापलेट.

आमचा गट घोटीच्या बाजूचा. नागलीची भाकरी आणि कालवणाच्या थाळ्या आम्ही करून देतो. मागच्या आखाडात आम्हाला चाळीस थाळ्यांची ऑर्डर आली. आखाड संपून श्रावण लागायच्या आधी लोकांना मासळी हवीच असते, हे तुम्हाला सांगायला नको. पण त्याच वेळी आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. म्हणजे मागणी सगळ्यात जास्त आणि माल सगळ्यात कमी. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिलला सुरू होऊन १४ जूनला संपते, त्यामुळे जुलैत लांबून लांबून पेट्या येतात. अशीच एक ‘मिक्स’ पेटी आम्ही घेतली. स्वस्त होती. कुठल्या बंदरावरची, हे देणाऱ्याला सांगता आलं नाही आणि आम्हीही फार विचारलं नाही.

पेटीत बांगडे होते, थोडे लेपे होते. लेपा ओळखायला सोपा, दोन्ही डोळे एकाच बाजूला. आणि तळाशी तीन मासे वेगळेच निघाले. वीतभर लांब, पाठ हिरवट करडी, कडा चांदीसारख्या, पोट पांढरं. एकजण म्हणाली सुरमईचं पिल्लू असेल. दुसरी म्हणाली काटे कमी दिसतात, पोरांच्या कामाचा आहे. काम अंगावर होतं, विळीवर बसलेल्या ताईने एकाचं पोट फाडलंसुद्धा. आत गाभोळी भरलेली. गाभोळी म्हटल्यावर घरातलं पोर आठवतंच. तिने ती वाटीत काढली आणि लेकासाठी तव्यावर परतायला बाजूला ठेवली.

थांबवलं आमच्यातल्या सगळ्यात वयस्क आक्कांनी. त्यांना मासा ओळखता आला नव्हता, पण त्या म्हणाल्या, “ह्याला खवलं कशी नाहीत गं? आणि तोंड बघा, पोपटासारखं.” तेव्हा कुठे आम्ही नीट पाहिलं. वर दोन आणि खाली दोन असे चार रुंद दात, चोचीसारखे एकमेकांना लागलेले. पोटाची कातडी सैल, हात फिरवला तर बारीक काटे टोचणारी. पोटाखाली पंखांची जोडीच नाही.

आठवडे बाजारात आम्हाला जवळा आणि सुके बोंबील देणाऱ्या एक मावशी आहेत, माहेर डहाणूकडचं. त्यांना फोटो पाठवला. दोन मिनिटांत फोन आला. “पोरी, केंड आहे तो! कापू नको. मांजरालासुद्धा टाकू नको. खड्डा करून पुरून टाक. कुणी खाल्लं तर नाही ना?”

वाटी चुलीपाशी होती. तवा अजून ठेवला नव्हता.

केंड म्हणजे पाण्यात फुगून चेंडू होणारा मासा. शास्त्रात त्याच्या कुळाचं नावच ‘चार दातांचा’ अशा अर्थाचं आहे, आणि त्याच्या विषाला त्यावरूनच टेट्रोडोटॉक्सिन म्हणतात. विष सगळ्यात जास्त कुठे? काळजात आणि गाभोळीत. कातडीतही असतं. आपण ज्या भागाला मेवा म्हणून पोरासाठी ठेवतो, तोच. आणि उकळा, तळा, खारवा नाहीतर वाळवा, ते विष जात नाही. केंडाच्याही जाती पुष्कळ आहेत, सगळ्या सारख्या विषारी नाहीत, पण ते आपल्याला बघून कळणारं नाही. जपानात हा मासा खातात, पण तिथे तो कापायला परवाना लागतो आणि काळीज विकायला बंदी आहे. आपल्याकडे विळी आणि अंदाज.

खाल्ल्यावर बहुतेक वेळा अर्ध्यापाऊण तासातच ओठ आणि जीभ बधिर होतात, बोटांना मुंग्या येतात, उलटी होते, हातपाय गळतात, मग श्वास अडकतो. ह्यावर उतारा नाही. दवाखान्यात श्वास चालू ठेवणारं यंत्र मिळालं तर माणूस वाचतो. म्हणून मासे खाऊन कुणाचे ओठ बधिर झाले तर लिंबू, ताक, मीठपाणी करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि उरलेला मासा, निदान त्याचं डोकं, पिशवीत घालून सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना काय खाल्लं ते कळेल.

आम्ही तिन्ही केंड पुरले. त्याच परातीतले दोन किलो बांगडेही टाकले, विळी आणि परात घासून घासून धुतली. ऑर्डर सुक्या बोंबलावर आणि अंड्यांवर भागवली. व्यापाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, मिक्स म्हणजे मिक्स. पैसे बुडाले. त्या ताई मात्र दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. त्यांना कुणी काही बोललं नव्हतं.

पुढच्या बैठकीत आम्ही ठरवलं की, नावावर मासा घ्यायचा नाही. आपल्याकडे म्हणतातच, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. माशांच्या नावांचं तर विचारूच नका. पापलेटलाच सरंगा म्हणतात. ज्याला ‘काळं पापलेट’ म्हणतात तो हलवा, आणि तो पापलेटच्या कुळातला नाहीच. आणि ज्या चांदी-पापलेटला महाराष्ट्राने २०२३ मध्ये राज्यमासा केलं, त्याच्या नावावर आपल्या बाजारात सर्रास रूपचंद खपतो. रूपचंद गोड्या पाण्यातला, मूळ दक्षिण अमेरिकेचा, आता इथे तळ्यात वाढवतात. खायला वाईट नाही. पण पापलेटच्या भावात का घ्यायचा?

तर अंग बघायचं. रूपचंदाचं तोंड उघडा, दात माणसाच्या दाढांसारखे असतात. पापलेटचं तोंड एवढंसं, दात जवळजवळ दिसतच नाहीत. डोकं उडवून विकत असतील तर पोटाखाली बघा. रूपचंदाला तिथे पंखांची जोडी असते, मोठ्या पापलेटला नसते. शिवाय रूपचंदाच्या पाठीवर, मोठ्या पंखाच्या मागे शेपटीजवळ, एक छोटा मांसल पंख असतो. पापलेटला तो नाही. रावस म्हणून कुणी काही देत असेल तर बाजूच्या पंखाखाली हात घाला. तिथे चार सुटे दोरे लोंबत असतील तर रावस. पण तुकडे करून ठेवलेले असले की आपली सगळी विद्या संपली. म्हणून मासा अख्खा बघायचा, मग समोर कापून घ्यायचा.

ओळख पटली तर पैसाही मिळतो बरं का. पालघर जिल्ह्यातल्या मुरब्याच्या मच्छीमारांच्या जाळ्यात ऑगस्ट २०२१ मध्ये १५७ घोळ मासे आले आणि ते जवळपास एक कोटी तेहेतीस लाखांना गेले. घोळीच्या पोटातली हवेची पिशवी, जिला कोळी बोत म्हणतात, तिला परदेशात फार किंमत आहे. मासा तोच, पण काय हातात आहे हे माहीत असलेल्यालाच तो भाव मिळतो.

अनोळखी मासा निघाला तर आम्ही आता काय करतो? तो कापत नाही. पाटावर आडवा ठेवतो, शेजारी काडेपेटी, म्हणजे आकार कळतो. एक फोटो पूर्ण बाजूचा, पंख पसरून. एक तोंडाचा, एक पोटाचा, एक शेपटीचा. खवले आहेत का, अंगावर काटे किंवा रेघा आहेत का, पेटी कधी आणि कुठून आली, ते वहीत लिहितो. मग मावशींना पाठवतो. त्यांनाही कळलं नाही तर नाशिकच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारतो. मुंबईला वर्सोव्यात केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, तिथे माशांचाच अभ्यास चालतो, त्यांनाही विचारता येतं. आणि उत्तर येईपर्यंत मासा बर्फातच. उत्तर आलंच नाही तर खड्ड्यात. दोनशे रुपये गेले तर जाऊ देत.

सगळे अनोळखी मासे वाईटच असतात असंही नाही. दिवाळीनंतर एका पेटीत गुलाबी, बाजूला पिवळ्या रेघा असलेला, शेपटीच्या वरच्या टोकाला पिवळा धागा लांबलेला मासा निघाला. सगळ्या बाजूला सरकल्या. ज्या ताईंनी ती गाभोळी काढली होती, त्यांनीच काडेपेटी ठेवून फोटो काढले. मावशी हसायला लागल्या, “अगं, राणी मासा तो! कर कालवण.” त्या दिवशी थाळीत तोच होता, आणि काटे काढून पहिला तुकडा ताईंनी लेकाला दिला.