सही कोणाची?



रौप्यमहोत्सवात गोडगोड बोलायचं असतं, हे मला कळतं. पण बँकेत तेहतीस वर्षं कर्जाच्या कागदांवरच्या सह्या तपासण्यात गेली, ती खोड काही जात नाही. म्हणून आज एका सहीबद्दलच बोलतो.

पाच वर्षांपूर्वी आपण स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं, तेव्हा मी खजिनदार होतो. तीन कोटेशनं आली. त्यातलं सर्वांत स्वस्त मी निवडलं आणि सोसायटीचे पैसे वाचवले म्हणून सभेत टाळ्याही घेतल्या. ते गृहस्थ दोन तासांत गच्ची आणि जिना पाहून गेले, एकाही घरात शिरले नाहीत. रिपोर्ट आला, ‘इमारत सुस्थितीत’. पुढच्याच पावसाळ्यात पार्किंगमध्ये बीमचा हातभर पोपडा खाली आला. मुलं क्रिकेट खेळतात तिथेच. शाळेची वेळ होती म्हणून निभावलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग मी विचारपूस सुरू केली. चार्टर्ड अकाउंटंट चुकला, तर 1949च्या कायद्यानं त्याची संस्था त्याला जाब विचारू शकते. आर्किटेक्टसाठी 1972चा कायदा आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरसाठी मात्र असा देशभराचा कायदा नाही. पालिकेचं लायसन्स असतं. बाकी संस्था आहेत त्या स्वेच्छेच्या. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही 1920 सालची, मुख्यालय कोलकात्याला. मुंबईत इंडियन सोसायटी ऑफ स्ट्रक्चरल इंजिनिअर्स आहे. या संस्था व्याख्यानं ठेवतात, नियतकालिकं काढतात. सभासदत्व म्हणजे गॅरंटी नव्हे, हे खरं. पण तिथे ऊठबस असलेल्या माणसाचं काम त्याच्याच व्यवसायातल्या चार जाणत्यांच्या नजरेखालून जातं.

अशाच एका व्याख्यानाला मी मागच्या खुर्चीवर जाऊन बसलो. दुसरे इंजिनिअर मला तिथेच भेटले. त्यांनी घराघरांतली बाथरूम पाहिली, काँक्रीटचे नमुने काढले आणि त्यांवर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडलं. निरोगी काँक्रीट गुलाबी होतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं ज्याचा अल्कली गुण गेला, त्याला रंगच चढत नाही. मग आतली सळई गंजू लागते. आपल्या त्या बीमला रंग चढला नाही, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं. दुरुस्तीला जी वर्गणी काढावी लागली, तिच्यापुढे मी वाचवलेले पैसे म्हणजे किस झाडकी पत्ती!

उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर 5 वर्षांनी, आणि तिशीनंतर दर 3 वर्षांनी करायचं असतं. म्हणजे आपली पाळी यंदा पुन्हा आली. कोटेशनं टेबलावर येतील, तेव्हा आकड्याआधी तीन गोष्टी विचारा. लायसन्स चालू आहे का? कोणत्या संस्थेचे सभासद? आणि प्रत्येक घरात स्वतः येणार का?

यंदा मी खजिनदार नाही. पण सभेत पहिला हात माझाच वर असेल.