त्रिएस्तेचे चुनखडकाचे पठार : बस, पायवाट आणि पाणी



मुंबई बंदराशी ज्यांचा जुन्या काळी संबंध आला, त्यांना त्रिएस्ते हे नाव अपरिचित वाटणार नाही. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यानंतर एड्रियाटिक समुद्राच्या उत्तर टोकावरील या बंदरातून मुंबईस आगबोटी येऊ लागल्या. विसाव्या शतकात युरोपला जाणाऱ्या कित्येक भारतीय विद्यार्थ्यांचा प्रवास ‘लॉइड त्रिएस्तिनो’ कंपनीच्या बोटींवरून झाला. पुढे १९६४ मध्ये अब्दुस सलाम यांच्या पुढाकाराने तेथे सैद्धांतिक भौतिकीचे आंतरराष्ट्रीय केंद्र स्थापन झाले आणि भारतीय शास्त्रज्ञांचीही तेथे ये-जा सुरू झाली. परंतु बंदर पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांची पावले त्याच्या पाठीमागील पठाराकडे वळली असतील. ते पठार, त्यावरील जंगलातून जाणाऱ्या पायवाटा आणि त्या वाटांच्या तोंडाशी नेऊन सोडणारी शहराची साधी प्रवासी बस हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

या पठाराला स्लोव्हेन भाषेत ‘क्रास’, इटालियनमध्ये ‘कार्सो’ आणि जर्मनमध्ये ‘कार्स्ट’ म्हणतात. भूगोलाच्या शिक्षकांना यातील तिसरा शब्द चांगला ठाऊक आहे, कारण चुनखडकाच्या प्रदेशातील भूरूपांना जगभर कार्स्ट भूरूपे म्हणण्याचा प्रघात या एका पठारावरून पडला. योव्हान स्व्हीयिच या सर्बियन भूगोलशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये या भूरूपांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्या वेळी त्याने तेथील शेतकऱ्यांच्या तोंडचेच ‘दोलिना’, ‘पोल्ये’, ‘पोनोर’ हे शब्द शास्त्रात रूढ केले. दोलिना म्हणजे बशीसारखा वा नरसाळ्यासारखा खड्डा आणि पोनोर म्हणजे नदी गिळणारे तोंड. पावसाचे पाणी हवेतून व मातीतून कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडक विरघळवते. भेगा रुंद होतात, भेगांच्या गुहा होतात आणि पृष्ठभागावर पाणी म्हणून राहत नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टचा असल्यामुळे आपल्या विद्यार्थ्यास हे सारे चित्रातच पाहावे लागते.

त्रिएस्ते शहर समुद्रकाठी आहे आणि पठाराची कड जवळजवळ शहराच्या माथ्यावरच उभी आहे. पठाराची उंची ढोबळमानाने ३०० ते ४०० मीटर. शहर वाहतुकीची बस चढ चढून ओपिचिना, त्रेबिचानो, बाझोवित्सा अशा गावांना जाते. तिकीट वेळेवर आकारले जाते. ते तंबाखूच्या किंवा वर्तमानपत्रांच्या दुकानात घ्यावयाचे आणि बसमधील यंत्रात त्यावर शिक्का उमटवावयाचा. जंगलात फिरावयास जाणाऱ्यांसाठी वेगळी सहल-बस नाही. आपल्याकडील एस.टी.प्रमाणे ही बस आधी गावकऱ्यांची आहे. शाळेत जाणारी मुले, दवाखान्यास निघालेले वृद्ध आणि कामावरून परतणारी माणसे यांच्यासाठी ती धावते. पाठीवर पिशवी घेतलेला पदभ्रमक हा तिचा जादा उतारू. म्हणूनच ती सुट्टीच्या हंगामावर अवलंबून राहत नाही आणि म्हणूनच पदभ्रमकाला ती भर हिवाळ्यातही मिळते.

पायवाटांचेही तसेच आहे. त्या प्रवाशांसाठी आखलेल्या नाहीत. पठारावरील स्त्रिया डोक्यावर वा पाठीवर दूध घेऊन भल्या पहाटे शहरात उतरत, पाथरवट खाणीकडे जात आणि गुरे पाणवठ्यावर नेली जात, तेव्हा या वाटा पडल्या. त्यांवर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा व क्रमांक रंगविण्याचे आणि वादळानंतर आडवी झालेली झाडे दूर करण्याचे काम पुष्कळ अंशी स्वयंसेवक गिर्यारोहण संस्था करतात. त्यांपैकी १८८३ साली स्थापन झालेली एक इटालियन भाषकांची आहे आणि १९०४ साली स्थापन झालेली दुसरी स्लोव्हेन भाषकांची. पठारावरील पुष्कळ गावे स्लोव्हेन भाषक आहेत व गावांच्या पाट्या दोन्ही भाषांत दिसतात. फॅसिस्ट राजवटीत स्लोव्हेन नावे पुसली गेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या साध्या पाटीचे मोल कळते.

वाटेला बसची जोड असली म्हणजे एक सोय आपोआप होते, ती सहसा कोणी लक्षात घेत नाही. मोटारीने येणाऱ्यास मोटारीकडे परत जावेच लागते. बसने येणारा मात्र एका गावी उतरतो, दोन-तीन गावे ओलांडतो आणि चौथ्या गावाहून परतीची बस धरतो. ओपिचिनाच्या ओबेलिस्कपासून प्रोसेकोकडे जाणारी ‘नापोलेओनिका’ ही जवळपास सपाट वाट अशीच आहे. तिचे नाव नेपोलियनवरून पडले असले तरी ती १८२१ च्या सुमारास विचेन्तिनी नावाच्या अभियंत्याच्या योजनेतून पुढे आली. लोकांना अभियंत्यापेक्षा सम्राट अधिक लक्षात राहतो, एवढाच त्याचा अर्थ! एका बाजूला कड्याचा पांढरा खडक, दुसऱ्या बाजूला खाली पसरलेला समुद्र आणि मधून लहान मुलेही चालू शकतील अशी वाट, असे तिचे रूप आहे. दुइनो व सिस्तियाना यांमधील सुमारे दोन किलोमीटरची कड्यावरील वाट कवी रिल्के यांच्या नावाने ओळखली जाते. ते १९११-१२ च्या हिवाळ्यात दुइनोच्या किल्ल्यात राहिले होते. तेथील चुनखडक पावसाने इतका कोरला आहे, की त्यावर हात ठेवताना धार जाणवावी.

परंतु या पठाराची खरी कथा पाण्याची आहे. स्नेझ्निक पर्वताच्या परिसरात उगम पावणारी रेका नदी स्लोव्हेनियातील श्कोत्सयान येथे प्रचंड विवरात शिरते. या गुहा १९८६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. तेथून सुमारे ३५ ते ४० किलोमीटर अंतरावर, इटलीत दुइनोजवळ सान जोव्हान्नी येथे, तीच नदी तिमावो या नावाने खडकाखालून बाहेर येते आणि थोडेसे वाहून समुद्रास मिळते. मधला प्रवास सर्व भूमिगत. एकोणिसाव्या शतकात हॅब्सबर्ग साम्राज्याचे मोठे बंदर म्हणून त्रिएस्तेची लोकसंख्या झपाट्याने वाढत होती आणि शहराला पाणी पुरत नव्हते. पायाखाली नदी आहे हे सर्वांना माहीत, पण ती कोठे, हे कोणालाच माहीत नाही, अशी ती विलक्षण तहान होती.

अँटोन फ्रीड्रिख लिंडनर याने हा शोध घेण्यासाठी आयुष्य वेचले. १८४० मध्ये तो ज्या प्रचंड गुहेत उतरला, ती ‘ग्रोत्ता जिगान्ते’ आज ४२ क्रमांकाच्या बसने जाऊन कोणालाही पाहता येते. १९०८ पासून ती लोकांसाठी खुली आहे. सुमारे १०० मीटर उंचीचे दालन, ऊर्ध्वमुखी लवणस्तंभांची रांग आणि छतापासून तळापर्यंत टांगलेले, पृथ्वीच्या कवचाच्या सूक्ष्म हालचाली मोजणारे दोन लंबक तेथे आहेत. नदी मात्र तेथे नव्हती. मग लिंडनरने खडकातील भेगांकडे लक्ष वळवले. भूमिगत नदीस पूर आला, की पाण्याने कोंडलेली हवा वर फेकली जाते आणि जमिनीतून फुंकर निघते. त्रेबिचानो गावाजवळच्या अशाच एका भेगेपासून त्याने खोदकाम सुरू केले. गावातील कामगार एकेक अरुंद विहीर रुंद करीत खाली उतरत गेले आणि एप्रिल १८४१ मध्ये ३२९ मीटर खोलीवर त्यांच्या दिव्यांना वाहते पाणी दिसले. त्याच वर्षी लिंडनर मरण पावला. इतक्या खोलीवरून पाणी वर आणणे त्या काळी शक्य झाले नाही. मात्र पुढील सुमारे सात दशके ही जगातील ज्ञात गुहांपैकी सर्वांत खोल गुहा होती. त्रेबिचानोच्या बसथांब्यावर उतरून जंगलातून चालणाऱ्याच्या पायाखाली ती नदी आजही वाहते आहे, पण कान देऊनही ऐकू येत नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शास्त्रज्ञांनी रेकेच्या पाण्यात रासायनिक द्रव्ये व रंग मिसळले, खुणा केलेले वाम मासेही सोडले, आणि पलीकडच्या झऱ्यांवर त्यांची वाट पाहिली. वरचे पाणी खाली पोचते हे निश्चित ठरले. त्याबरोबर दुसरीही गोष्ट उघड झाली. चुनखडकात पाणी मातीतून गाळले जात नाही, ते भेगेतून सरळ जाते. दोलिनात टाकलेला कचरा दृष्टीआड होतो, परंतु पाण्याआड होत नाही. अनेक वर्षे पठारावरील विवरे ही कचरा फेकण्याची सोयीची जागा समजली गेली, आणि आता गुहासंशोधकांचे गट दोर लावून तो कचरा वर काढीत आहेत. शिवाय एका देशात खड्ड्यात गेलेले पाणी दुसऱ्या देशात झऱ्याला येते. भूमीवरची सीमा त्यास ठाऊक नाही.

जंगलाविषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे. आज हिरवे दिसणारे हे पठार दोनशे वर्षांपूर्वी बहुतांशी उघडा दगड होते. व्हेनिसने जहाजांसाठी व पायांच्या खांबांसाठी झाडे तोडून नेली, असे लोक सांगतात. परंतु शतकानुशतकांची चराई, जळणासाठीची तोड आणि ‘बोरा’ नावाचा हिवाळी झंझावात हीच मोठी कारणे होती. जहाजाच्या मळसूत्री पंख्यामुळे प्रसिद्ध झालेला योसेफ रेसेल हा मुळात वनाधिकारी होता आणि येथील वनीकरणाचा आग्रह त्याने धरला होता. १८५९ मध्ये बाझोवित्सानजीक कोलर या वनाधिकाऱ्याने ऑस्ट्रियन काळ्या पाइनची रोपे यशस्वीपणे जगविली. पुढे १८८० च्या दशकात त्यासाठी स्वतंत्र कायदा व आयोग झाला. दगडी बांधांच्या आडोशाने रोपे लावण्यात आली व शेळ्यांना आवर घालण्यात आला. पाइनच्या सावलीत मातीचा थर धरला आणि नंतर ओक, ॲश यांसारखी पानझडी झाडे आपोआप आली.

या यशाची दुसरी बाजू जुलै २०२२ मध्ये दिसली. सीमेच्या दोन्ही बाजूंस वणवा पेटला आणि स्लोव्हेनियाच्या बाजूस साडेतीन हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र जळाले. पहिल्या महायुद्धाची आघाडी याच पठारावर होती. जमिनीत राहिलेले तोफगोळे उष्णतेने फुटू लागल्यामुळे अग्निशामकांना जंगलात शिरणेही धोक्याचे झाले. ज्या राळयुक्त पाइनने उघड्या दगडावर वन उभे केले, तोच सहज पेटणारा ठरला. आता पानझडी मिश्र वनाकडे वळण्यावर भर आहे, आणि तो रास्त आहे.

सर्वांत मनोवेधक वाटा मात्र शहराच्या दक्षिण-पूर्वेस, रोझान्द्रा दरीत आहेत. त्रिएस्तेच्या कार्स्टवर पृष्ठभागावरून वाहणारे पाणी असलेली ही एकमेव दरी. बसने बान्योली या गावी उतरावे. तेथून काही मिनिटांतच वाट ओढ्याकाठी येते. पुढे रोमन काळी शहरास पाणी नेणाऱ्या कालव्याचे अवशेष, तीस मीटरांहून उंच धबधबा आणि ज्यांवर एमिलियो कोमिची यांनी १९२९ मध्ये गिर्यारोहणाची शाळा सुरू केली ते कडे लागतात. शेवटी बोत्ताझो ही वाडी. तिच्यापलीकडे स्लोव्हेनिया. डिसेंबर २००७ पासून तेथील सीमेवरचा कायमचा पहारा उठला. परतताना १८८७ मध्ये सुरू झालेल्या आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस बंद पडलेल्या रेल्वेच्या मार्गाने येता येते. रूळ गेले, पण बोगदे व चढ राहिले, आणि त्यांवर आता पादचारी व सायकलस्वार जातात.

याच दरीत मार्च २०१२ मध्ये पूरप्रतिबंधाच्या कामाच्या नावाखाली ओढ्याकाठची शेकडो झाडे यंत्रांनी तोडली गेली. दरी संरक्षित होती. तरीही हे घडले. पहिला आरडाओरडा झाला तो नेहमी तेथून चालणाऱ्या लोकांकडून. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. कागदावरील संरक्षणापेक्षा रोजची ये-जा अधिक सावध असते, हे अधिकारी वर्गाने येथे पाहण्यासारखे आहे.

गावांना या वाटांचा लाभ काय, असा प्रश्न पंचायतीचे सभासद साहजिकच विचारतील. त्याचे एक उत्तर ‘ओस्मित्सा’ हे आहे. सम्राट दुसरा जोसेफ याच्या १७८४ च्या आज्ञेने शेतकऱ्यास स्वतःच्या उत्पन्नातील माल वर्षातून आठ दिवस घरीच विकण्याची मुभा मिळाली. स्लोव्हेन भाषेत ‘ओसेम’ म्हणजे आठ, त्यावरून हे नाव पडले. आज मुदत वाढली आहे. पण रीत तीच. शेतकरी चौकात आयव्हीची डहाळी व तांबडा बाण टांगतो. बाण दिसला की घर उघडे आहे. अंगणातील बाकावर घरचे चीज, उकडलेली अंडी, खारवलेले मांस आणि घरची द्राक्षवारुणी मिळते. मद्याचा भाग बाजूस ठेवला तरी योजनेतील मर्म स्पष्ट आहे : विकावयाचे ते स्वतःच्या शेतातले. त्यामुळे पैसा गावातच राहतो. मोटारीने आलेला प्रवासी एका अंगणात थांबून परत फिरतो. बसच्या भरवशावर चालणाऱ्यास मात्र वाटेतील तिन्ही गावांची अंगणे लागतात, आणि परतीच्या प्रवासाची चिंताही त्यास नसते.

सान जोव्हान्नी येथे तिमावो बाहेर येते ती जागा रस्त्यापासून जवळ आहे. व्हर्जिलच्या महाकाव्यात तिचा उल्लेख आहे. जुने चर्च, दाट झाडी आणि खडकाखालून गोंगाट न करता वर येणारे थंड, हिरवट पाणी. पठारावरील वाटांनी चालत आलेल्यांपैकी बरेच जण येथे काठावर बसतात आणि बसची वेळ होताच उठतात.