परसातील गवत आणि पेट्रोलचे यंत्र

मृगाचा पाऊस चार दिवस लागून राहिला की आमच्या बेळगावाकडे परड्याचे रूप ओळखू येत नाही. मे महिन्यात जेथे तांबडी माती उघडी पडलेली असते, तेथे जूनअखेरीस घोट्याएवढे आणि नागपंचमीच्या सुमारास गुडघ्याच्या वर गवत उभे राहते. गोव्यातील आणि कोकणातील श्रोत्यांना याहून अधिक सांगावयास नको. पूर्वी अशा वेळी विळा-कोयता घेऊन एखादा गडी येई, दोन दिवसांत आवार साफ करी आणि गवताचा भारा गुरांसाठी घेऊन जाई. आता गुरे कमी झाली, भारा नेणारा राहिला नाही आणि गडीही मिळेनासा झाला. त्याची जागा पेट्रोलवर चालणाऱ्या, नायलॉनच्या दोरीने गवत कापणाऱ्या यंत्राने घेतली आहे. आपल्याकडे त्याला सरसकट ‘ग्रासकटर’ म्हणतात. असे यंत्र घरासाठी घेताना काय पाहावे, एवढ्याच गोष्टीविषयी आज बोलावयाचे आहे.

आधी एक गंमत सांगतो. अमेरिकेत पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात. तिकडच्या माहितीपत्रकावर हा शब्द वाचून आमच्या एका स्नेह्यांनी दुकानदारास, याला सिलिंडर कोठे जोडावयाचा, असे विचारले होते! यंत्राचा जन्मही तिकडचाच. ह्यूस्टन शहरातील जॉर्ज बॅलस या गृहस्थांनी 1971 साली मोटारी धुण्याच्या यंत्रातील नायलॉनचे फिरते ब्रश पाहिले आणि त्यांना ही कल्पना सुचली. पॉपकॉर्नच्या रिकाम्या डब्याला भोके पाडून त्यांनी त्यांतून मासेमारीची दोरी ओवली आणि तो डबा यंत्राला लावून फिरविला. गवत कापले गेले. दोरी मऊ असली तरी वेगाने फिरताना ती ताठ होते आणि तिचे टोक पात्याचे काम करते, हे या यंत्राचे सारे मर्म आहे.

बाजारात गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो टू-स्ट्रोक घ्यावे की फोर-स्ट्रोक, हा. ज्यांनी जुन्या काळी स्कूटर चालविली आहे, त्यांना पंपावर पेट्रोलबरोबर तेलाचे माप घालून घेणे आठवत असेल. टू-स्ट्रोक ग्रासकटरचा प्रकार तोच. तेल पेट्रोलातच मिसळावे लागते. काही यंत्रांना पन्नासास एक, म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर, तर काहींना पंचविसास एक, म्हणजे 40 मिलिलिटर. आपल्या यंत्राचे प्रमाण कोणते, हे त्याच्या पुस्तिकेत पाहावे; शेजाऱ्याच्या यंत्रावरून ठरवू नये. तेल कमी पडले तर पिस्टन सिलिंडरमध्ये चिकटतो आणि यंत्र तेथेच संपते. जास्त झाले तर धूर होतो व प्लगवर काजळी धरते. फोर-स्ट्रोक यंत्रात तेल निराळे भरतात. 25 सीसीच्या यंत्राला ते जेमतेम 80 मिलिलिटर लागते. पण ते वेळच्या वेळी बदलले पाहिजे. मिश्रणाची कटकट नाही, धूर कमी, आवाजही जरा सौम्य. उलट टू-स्ट्रोक तेवढ्याच शक्तीला वजनाने हलके आणि दुरुस्तीस सोपे असते. माझे मत विचाराल तर, ज्या घरात यंत्र तीन निरनिराळी माणसे हाताळणार असतील तेथे फोर-स्ट्रोक बरे. कोणी तरी एक जण तेल मिसळावयास विसरणारच.

दुसरा मोह सीसीचा. दुकानदार 52 सीसीचे यंत्र 25 सीसीच्या नामांकित यंत्राहून स्वस्तात दाखवितो आणि आपल्याला वाटते, दुप्पट शक्ती निम्म्या पैशांत मिळाली. मी स्वतः या मोहास बळी पडलो आहे. माझे आवार अवघे पाच गुंठे. त्यासाठी मी आणलेले यंत्र इतके जड होते की अर्ध्या तासाने खांद्याचा पट्टा रुतू लागे आणि हातांना आलेली कंपाची झिणझिणी रात्रीपर्यंत जात नसे. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्या कार्बुरेटरचा पातळ पडदा कडक झाला. तो पडदा सगळ्या गावात मिळेना. ज्याने यंत्र विकले तो म्हणाला, नवीन यंत्रच घ्या. आज ते माळ्यावर पडून आहे. घराच्या आवाराला 25 सीसी पुरते. दहा-पंधरा गुंठ्यांचे भाट असेल किंवा बांबूच्या कोंभांसारखे चिवट काही कापावयाचे असेल तर 35 सीसी घ्यावे. त्यापुढचे काम बागाईतदाराचे आहे.

म्हणून दुकानात गेल्यावर यंत्राआधी सुटे भाग पाहावे. कार्बुरेटरचा पडदा, ओढण्याची दोरी, क्लच, दोरीची चकरी आणि हवेची जाळी या पाच वस्तू कपाटातून काढून दाखवा, असे सांगावे. ‘मागवून देतो’ हे उत्तर जुलै महिन्यात काही कामाचे नाही. नंतर यंत्र थंड असताना ते आपल्या हाताने सुरू करून पाहावे. दुकानदाराच्या सरावलेल्या हाताने ते एका ओढीत सुरू होईल, त्यात नवल नाही. सुरू झाल्यावर वेग अगदी कमी असताना खालची चकरी थांबलेली असली पाहिजे. ती फिरत राहिली तर क्लच किंवा जुळणी बिघडलेली आहे असे समजावे. दांडा सरळ असावा. वाकड्या दांड्याचे यंत्र सपाट हिरवळीस ठीक, परंतु कुंपणाखाली आणि झुडपांखाली शिरत नाही. आणि पट्टा लावून पाच मिनिटे तरी उभे राहून पाहावे. वजन हातावर येता कामा नये, खांद्यावर आले पाहिजे.

दोरीविषयी थोडे. लहान यंत्राला 2.4 मिलिमीटरची दोरी सामान्यतः चालते. जाड दोरी लावल्याने काम जास्त होते हा गैरसमज आहे. इंजिनावर भार येऊन ते तापते. जुनी वाळलेली दोरी तटातट तुटते. ती दिवसभर पाण्यात भिजत घातली की पुन्हा लवचीक होते. परंतु दोरी वारंवार तुटते म्हणून तिच्या जागी लोखंडी तार बांधणारे महाभाग मी पाहिले आहेत. तारेचा तुटलेला तुकडा बंदुकीच्या छऱ्यासारखा जातो. हे कोणत्याही परिस्थितीत करू नये.

आता जी गोष्ट सांगावी की नाही असा मला संकोच होता, ती सांगतो. तीन वर्षांपूर्वी श्रावणात आमचे परडे कापण्यास एक तरुण मुलगा आला होता. यंत्र माझे, मजुरी त्याची. चष्मा घालावयास मी सांगितले नाही, कारण माझ्याजवळ चष्माच नव्हता. आमच्या जमिनीत जांभ्याचे खडे फार. चकरीखाली सापडलेली एक कपची उडाली आणि त्याच्या डाव्या डोळ्याखाली अर्धा इंच अंतरावर गाल चिरून गेली. तीन टाके पडले. डॉक्टरांनी टाके घालताना एकच वाक्य उच्चारले, की तो मुलगा खाली पाहत होता म्हणून वाचला. त्याची आई संध्याकाळी आमच्या दारात आली. ती भांडली नाही, पण भांडली असती तर बरे झाले असते. यंत्रासाठी मी हजारो रुपये मोजले होते आणि दोन-तीनशे रुपयांचा चष्मा घेतला नव्हता.

तेव्हापासून चष्मा, कानावरची झाकणे आणि पायांत जाड बूट असल्याखेरीज यंत्र घराबाहेर निघत नाही. चकरीवरचे संरक्षक झाकण अडचण होते म्हणून काढून टाकण्याची पद्धत सर्वत्र दिसते. ते काढलेले यंत्र मी कोणास वापरू देत नाही. कापणाऱ्याच्या भोवती पन्नास फुटांच्या आत मूल, माणूस अथवा जनावर असू नये. दुपारी दोन ते चार या वेळात मी यंत्र चालवीत नाही, हे मात्र शेजारच्या आजोबांच्या झोपेसाठी!

झाडांचीही काळजी घ्यावी लागते. कोवळ्या कलमाच्या बुंध्याशी दोरी लागली की साल सोलली जाते. सालीतूनच पानांनी तयार केलेले अन्न मुळांकडे उतरते. साल सभोवार गेली तर झाड काही महिने हिरवे दिसते आणि मग हळूहळू मरते. मालकाला कारण कळत नाही. माझा एक चिकू असाच गेला. कलमांच्या बुंध्याभोवती हातभर अंतरातले गवत विळ्यानेच काढावे. तसेच गाजर गवत, ज्याला लोक काँग्रेस गवत म्हणतात, ते यंत्राने उडवू नये. त्याचे कण आणि परागकण अंगावर येऊन अनेकांना खाज व दम्याचा त्रास होतो. हातमोजे घालून, फुले येण्यापूर्वी, ते मुळासकट उपटावे.

शेवटी, यंत्र भरवशाचे राहते की नाही हे पुष्कळसे ते बंद असताना ठरते. आपल्याकडे ते जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चालते आणि उरलेले सात महिने कोपऱ्यात उभे असते. पंपावर आज मिळणाऱ्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. अनेक यंत्रांच्या पुस्तिकांत मात्र 10 टक्क्यांपर्यंतचीच मुभा दिलेली असते, हे घेतानाच विचारून ठेवावे. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. असे पेट्रोल टाकीत तसेच राहिले तर कार्बुरेटरचे पडदे व नळ्या खराब होतात, आणि जूनमध्ये आपण दोरी ओढून ओढून दमतो. यासाठी दिवाळीपूर्वी टाकी रिकामी करावी, यंत्र सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, हवेची जाळी धुऊन वाळवून बसवावी आणि चकरीवरच्या दातेरी चाकांच्या डबीत थोडे ग्रीस भरावे. अर्ध्या तासाचे काम आहे. माझे दुसरे यंत्र 25 सीसीचे, फोर-स्ट्रोक आहे. ते यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात तिसऱ्या ओढीला सुरू झाले. तो मुलगा अजून येतो. चष्मा आता त्याचा स्वतःचा आहे.