होनोलुलू ते ग्वाम: आठ तास की पंधरा?

दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि वेळ सांगणाऱ्या साइट्स असतात ना, मला त्यांचा भारी नाद आहे. आज होनोलुलू आणि ग्वाम टाकूया. एक हवाईत, दुसरं पार फिलिपिन्सच्या पूर्वेला. दोन्ही अमेरिकेची बेटं, मधे नुसता पॅसिफिक.

उत्तर येतं, अंदाजे 6,100 किलोमीटर आणि साडेसात तास. गणित साधं असतं. अंतराला ताशी आठशे-साडेआठशेनं भागायचं, बस्स. थेट विमानाला ते बऱ्यापैकी लागूही पडतं. ग्वामकडे जाताना समोरून वारा, म्हणून आठेक तास. येताना त्याहून कमी.

पण ह्याच दोन बेटांमध्ये युनायटेडचं दुसरं एक विमान जातं, आयलंड हॉपर. आपल्या एसटीसारखं, वाटेतला प्रत्येक फाटा घेत. माजुरो, क्वाजालीन, कोसराए, पोनपेई, चूक आणि मग ग्वाम. हे बोईंग 737 चौदा-पंधरा तास घेतं. पहिला टप्पाच सुमारे 3,650 किलोमीटरचा, म्हणजे मुंबई-सिंगापूरपेक्षा थोडा कमी, आणि खाली जमीन जवळजवळ नाहीच. नंतरचे टप्पे तासा-दीड तासाचे. मधे काही बिघडलं तर दुरुस्तीला येणार कोण? म्हणून मेकॅनिक आणि सुटे भाग विमानातच असतात.

माजुरोची धावपट्टी इतक्या चिंचोळ्या जमिनीवर आहे की दोन्ही बाजूंना पाणी. तिच्यावर पडणारा पाऊस साठवून शहराला प्यायला देतात! क्वाजालीनला अमेरिकी लष्कराचा तळ आहे. परवानगी नसेल तर उतरायचं नाही, फोटोही काढायचे नाहीत.

आता घड्याळाची गंमत. ग्वाम होनोलुलूच्या 20 तास पुढे. मंगळवारी सकाळी आठला ग्वामहून हॉपरनं निघालात आणि पंधरा तास लागले, तर होनोलुलूत उतरता मंगळवारीच, पहाटे तीनला. निघायच्या पाच तास आधी!

हौशी प्रवासी ह्या विमानात मजा म्हणून बसतात. बसू देत. पण मार्शल बेटं आणि मायक्रोनेशियाच्या लोकांना करारानुसार अमेरिकेत व्हिसाशिवाय राहता-कमावता येतं, त्यामुळे आजी कोसराएला आणि नातू होनोलुलूत, अशी घरं कितीतरी. मोठ्या दवाखान्यात न्यायचा पेशंट, टपाल, औषधं, सगळं ह्याच विमानानं. आणि ते रोज येत नाही. कोसराएची आजी आजारी पडली तर नातवाला उड्डाणाचे तास मोजून काय उपयोग? तो आधी विचारतो, पुढचं विमान कोणत्या वारी आहे. चुकलं, तर दोन-तीन दिवस गेलेच. साइटवर मात्र तेव्हाही तेवढेच किलोमीटर आणि तेवढेच तास दिसत राहतात.

चला, भेटू पुढच्या भागात.