मोठी मोटार घेण्यापूर्वी

तीस ते पन्नास लाख रुपयांची रक्कम मध्यमवर्गीय कुटुंबाच्या हातातून बहुधा आयुष्यात एकदाच जाते, आणि तीही घर घेताना. अलीकडे मात्र तेवढीच रक्कम एका मोटारीसाठी मोजणारे लोक मराठी समाजातही आढळू लागले आहेत. नाशिकचा द्राक्षबागाईतदार, इंदूरचा व्यापारी, बेळगावचा डॉक्टर, हैदराबादेत स्थायिक झालेला अभियंता, या सर्वांच्या बोलण्यात उंच, सात आसनी, भारदस्त अशा एसयूव्ही गाड्यांची नावे येतात. घर घेताना हीच माणसे जुने दस्त वकिलाला दाखवतात, पावसाळ्यात भिंतींना ओल येते काय याची शेजाऱ्यांकडे चौकशी करतात. मोटार घेताना मात्र एक कागद घेऊन त्यावर रकाने आखले जातात. अश्वशक्ती किती, पडदा किती इंचांचा, छतातून आकाश दिसते की नाही, आसनांतून गार वारा येतो की नाही, असे गुण मांडून त्यांची बेरीज करण्यात येते, आणि जिची बेरीज अधिक भरेल ती गाडी सरस ठरते.

ही गुणपत्रिका फसवी असते. विद्यार्थ्याला गणितात अधिक गुण मिळाले म्हणून त्याचे इतिहासाचे गुण कमी होत नाहीत. मोटारीत नेमके तसेच घडते. तिचा गुण आणि तिचा दोष पुष्कळदा एकाच मुळातून फुटलेले असतात. एक घेतला की दुसरा पदरात येतोच.

याचे कारण या वाहनाच्या वंशावळीत आहे. दुसऱ्या महायुद्धातील जीप हे कष्टाचे वाहन होते. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत विलीज जीपची जुळणी मुंबईत होऊ लागली, आणि पुढे कितीतरी वर्षे धरणांची कामे, जंगलखाते आणि तालुक्याची कचेरी यांच्याशी तिचे नाव जोडलेले राहिले. सुखाची तिच्याकडून कोणी अपेक्षाही केली नाही. १९७० साली इंग्लंडात रेंज रोव्हर निघाली, ती शेतावर चालावी आणि शहरातही शोभावी अशा बेताने. तरी त्या पहिल्या गाडीचा अंतर्भाग चिखल झाला तर पाण्याने धुऊन काढता येईल असाच केलेला होता. आज चामड्याची शुभ्र आसने पाहणाऱ्याला हे खरे वाटणार नाही. भारतात १९९८ साली टाटांची सफारी, २००२ साली महिंद्रांची स्कॉर्पिओ आणि २००९ साली टोयोटाची फॉर्च्युनर आली, आणि उंच गाडी ही प्रतिष्ठेची खूण झाली. सरकारी करानेही तिची दखल घेतली. चार मीटरांहून अधिक लांबी, १५०० घनसेंटिमीटरांहून मोठे इंजिन आणि रिकाम्या गाडीची जमिनीपासून किमान १७० मिलिमीटर उंची, अशी मापे जुलै २०२३ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने ठरवून दिली. या वर्गावरील २८ टक्के कर आणि २२ टक्के उपकर यांच्या जागी २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्क्यांचा एकच कर आला. ग्राहकाच्या दृष्टीने यातील शिकण्याजोगी गोष्ट एकच. जमिनीपासूनची उंची रिकाम्या गाडीची सांगितली आहे की भरलेल्या गाडीची, हे विचारल्याशिवाय तो आकडा कागदावर लिहू नये.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेतलेले बरे. फॉर्च्युनरचे डिझेल इंजिन २०४ अश्वशक्तीचे आहे. २०२५ साली भारतात आलेल्या स्कोडाच्या नव्या कोडियाकचे पेट्रोल इंजिनही २०४ अश्वशक्तीचेच आहे. दोन्ही गाड्या सात माणसांच्या, दोन्ही पावणेपाच मीटरांच्या आसपास लांब. गुणपत्रिकेच्या या ओळींत दोघी समसमान ठरतात. पण एकीतून उतरून दुसरीत बसलेल्या माणसाला त्या एका वर्गातल्या आहेत असे वाटणार नाही.

फॉर्च्युनरच्या तळाशी पोलादाचा शिडीसारखा सांगाडा आहे. दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. त्यावर इंजिन, चाके आणि वरून खोलीप्रमाणे ठेवलेला देह. मालमोटारीची रचना अशीच असते, आणि हायलक्स ही मालवाहू गाडी याच कुळातली आहे. खड्ड्यातून, दगडगोट्यांतून, अर्धवट वाहून गेलेल्या रस्त्यावरून वर्षानुवर्षे जाताना बसणारे पीळ ही शिडी सोसते आणि देहापर्यंत फारसे पोहोचू देत नाही. स्वयंचलित गिअरच्या गाडीत इंजिनाचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, ५०० न्यूटन-मीटर आहे आणि तो इंजिनाच्या कमी फेऱ्यांतच हाती येतो; म्हणून माणसे आणि सामान भरून घाट चढताना ती धापा टाकत नाही. पण त्याच शिडीमुळे गाडीचे वजन दोन टनांच्या पलीकडे जाते आणि जमीन उंच होते. पाय टाकून चढावे लागते आणि तिसऱ्या रांगेत बसणाऱ्याचे गुडघे छातीकडे येतात. मागची दोन चाके एकाच ताठ आसाला बांधलेली असल्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले की त्याचा हिसका दुसऱ्यालाही जाणवतो. वेग कमी असला की अंग डोलत राहते. तिसऱ्या रांगेची आसने मिटली तरी ती दोन्ही बाजूंना खिडक्यांशी टांगून राहतात आणि सामानाची जागा अडवतात. टिकाऊपणाची ही किंमत आहे, आणि ती रोज थोडी थोडी द्यावी लागते.

कोडियाकची जात दुसरी. तिच्यात वेगळी शिडी नाही. तळ, भिंती आणि छत मिळून एकच पोलादी कवच होते आणि सर्व भार तेच वाहते. या रचनेस मोनोकॉक म्हणतात. जीप चेरोकीने १९८४ च्या सुमारास तिचा मार्ग दाखवला. आज सुखासाठी घेतल्या जाणाऱ्या बहुतेक एसयूव्ही याच घडणीच्या असतात. छत्रपती संभाजीनगर येथे जुळणी होणारी ही गाडी वजनाने फॉर्च्युनरहून बरीच हलकी आहे. प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होते. वळणावर ती झुकते थोडी, सावरते लवकर. लांब पल्ल्यानंतर पाठ दुखत नाही, ही तिची मोठीच जमेची बाजू. पण टॉर्क ३२० न्यूटन-मीटर. पेट्रोलचे इंजिन भरल्या गाडीत चढावर अधिक फेऱ्या मागते आणि इंधनही. दोन क्लचांची गिअरपेटी मोकळ्या रस्त्यावर अत्यंत चपळ असते. चढावर तुंबलेल्या रहदारीत तासभर इंचाइंचाने सरकायचे असेल तर अशा पेटीचे क्लच तापतात. आणि जो रस्ता रोजच दगडांचा आहे, त्या रस्त्यासाठी हे कवच मुळात घडवलेलेच नाही.

दोन्ही गाड्यांच्या वर्णनात चार चाकांना गती देण्याचा उल्लेख असतो, आणि गैरसमज सर्वांत अधिक येथेच होतो. फॉर्च्युनरच्या तशा प्रकारात चालक ठरवील तेव्हाच पुढची चाके जोडली जातात, आणि खालच्या गिअरचा एक वेगळा संच असतो. चिखलात, नदीपात्रात, रुतलेल्या ट्रॅक्टरला ओढताना तो कामास येतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर ही जोडणी चालू ठेवू नये, यंत्रणेला ताण बसतो. कोडियाकमध्ये कोणत्या चाकाला किती गती द्यावी हे गाडी आपणच ठरवते. पावसाने निसरड्या झालेल्या वळणावर ते उपयोगी; खालच्या गिअरचा संच मात्र तिच्यात नाही. तथापि ब्रेक दाबल्यावर या दोहोंपैकी कोणतीही यंत्रणा गाडी लवकर थांबवीत नाही. ब्रेक तर लहान मोटारीलाही चारही चाकांना असतात. चार चाकांची गती आहे म्हणून ओल्या घाटात वेग वाढवणारा चालक गाडीचा गुण पाहतो, टायरची मर्यादा विसरतो.

उंचीचेही असेच आहे. उंच बसल्याने दूरचे दिसते आणि निर्भय वाटते. पण गुरुत्वमध्य उंच गेला की आकस्मिक वळण घेताना उलटण्याचा धोका वाढतो. अमेरिकेत ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यांपैकी बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर या एसयूव्हीवर होते. टायरची वरची पट्टी वेगात सुटे, गाडी ताब्याबाहेर जाऊन उलटे, आणि माणसे मरत. त्यानंतरच तेथे टायरमधील हवेचा दाब दाखवणारे यंत्र प्रत्येक मोटारीत सक्तीचे झाले. महाराष्ट्रात मुंबई-नागपूर हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला असून त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरांची मर्यादा आहे. विदर्भातील उन्हाळा, तापलेले काँक्रीट, सात माणसे, टपावर सामान आणि कमी हवेचा टायर, हा योग टाळण्याजोगा आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८० ऐवजी १२० च्या वेगाने जाणाऱ्या त्याच गाडीला थांबवण्यासाठी ब्रेकांना सव्वादोन पट काम पडते. तेव्हा पडद्याच्या इंचांपूर्वी गाडीचा तोल सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा निवडलेल्या प्रकारात आहे काय, हे पाहावे. भारत एनकॅप ही धडक-चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तिचे तारे पाहावेतच, परंतु लहान मुलांसाठीचे तारे वेगळे असतात, तेही पाहावेत. हवेच्या पडदेवजा पिशव्या तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचतात काय हेही विचारावे. त्या रांगेत बहुधा नातवंडे बसतात, आणि लग्नकार्याच्या वेळी आजी.

इंधनाचा प्रश्न राहतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत-६ मानकांमुळे नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी आली. साठलेली काजळी सुमारे ६०० अंश उष्णतेत जाळावी लागते, आणि तेवढी उष्णता लांबच्या सलग प्रवासातच सहज येते. रोज घर ते दवाखाना चार किलोमीटर आणि परत, एवढाच जिचा प्रवास, त्या डिझेल गाडीत गाळणी तुंबते आणि दिवा लागतो. अशा माणसाने डिझेल घेऊ नये, मग विक्रेता मायलेजचे कितीही गोडवे गावो. दिल्लीच्या परिसरातील मराठी कुटुंबांना आणखी एक विचार करावा लागतो. दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना तेथे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली बंदी केली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०२५ मध्ये न्यायालयाने त्यात काही सूट दिली हे खरे. पण पंधरा वर्षे वापरण्याच्या हिशेबाने पन्नास लाख घालणाऱ्याने ही टांगती तलवार हिशेबात धरलेली बरी.

गाडी घेताना तिच्या कंपनीचेही प्रकृतिमान पाहावे लागते. शेव्हरोलेची विक्री भारतात २०१७ साली थांबली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले, आणि एंडेव्हर ही रचनेने उत्तम गाडी चांगली चालत असतानाच अंतरली. सेवा चालू राहील असे त्या कंपनीने सांगितले खरे, तरी जवळचे विक्रीकेंद्र बंद झाले की मालकाचा धीर खचतोच. फॉर्च्युनर जुनी झाल्यावरही चांगल्या भावाने विकली जाते, यात तिच्या यंत्राइतकाच या धास्तीचाही वाटा आहे. सोलापूरला किंवा ग्वाल्हेरला राहणाऱ्याने सर्वांत जवळची कार्यशाळा किती किलोमीटरांवर आहे ते मोजावे, आणि समोरच्या एका दिव्याची व एका टायरची किंमत आधीच विचारून ठेवावी. मुंबई-पुण्याच्या गृहसंस्थांत यांत्रिक वाहनतळ असतील तर त्यांवर वजन आणि उंची यांच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. दोन टनांची गाडी दारात आल्यावर ती पाटी वाचणे उशिराचे होते.

राहता राहिली चाचणीची फेरी. ती बहुधा विक्रीकेंद्राजवळच्या गुळगुळीत रस्त्यावर, एकट्या खरेदीदाराला बसवून, दहा मिनिटांत उरकण्यात येते. ती तशी घेऊ नये. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्याने चालवाव्यात. त्या रस्त्यात आपल्या गल्लीचे तोंड, एक वाईट गतिरोधक आणि एखादा चढ असावा. घरची सगळी माणसे बरोबर न्यावीत. खरेदीदाराने परतीच्या वाटेवर चक्र दुसऱ्याच्या हाती देऊन स्वतः तिसऱ्या रांगेत बसावे. टायरच्या कडेवरील चार आकडे वाचावेत. २३२४ असे असेल तर तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात झालेला असतो, आणि प्रदर्शनात दीर्घकाळ उभी राहिलेली गाडी त्यावरून ओळखू येते. मग गाडी थांबवून आजींना मागच्या रांगेतून आपल्या आपण उतरू द्यावे, आणि विक्रेत्याने पुढे केलेला हात त्यांना धरू देऊ नये.