धूर कुठून येतो ते आधी बघा
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



सोसायटीच्या पंचवीस वर्षांवर बाकीचे बोलतीलच. मी पार्किंगमधल्या एका स्कूटरवर बोलणार आहे. गेल्या सर्वसाधारण सभेत ‘धूर करणाऱ्या जुन्या गाड्या आवारात नकोत’ हा विषय आला आणि बी विंगमधल्या काकूंची चेतक भंगारात निघायची वेळ आली. काका गेल्यापासून ती गाडी काकू रोज पुसतात, हे आपण बघतो. पण तळमजल्यावरच्या बाळाच्या खोलीत धूर जातो, ही तक्रारही खरीच होती. सभेने महिनाभर मुदत दिली आणि काकूंनी मला बोलावलं.

आपल्या गावाला स्कूटरची ओळख करून द्यायला नको. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, कितीतरी घरं त्यावर उभी राहिली. मी दुसऱ्या कंपनीत, टूलरूममध्ये होतो. पण स्कूटर खोलायचा नाद तेव्हापासूनचा. (हल्लीची इलेक्ट्रिक चेतक वेगळी. तिला सायलेन्सरच नाही, म्हणजे माझं काम संपलं.)

जुन्या टू-स्ट्रोक गाडीत ऑईल पेट्रोलमध्येच मिसळतात आणि ते पेट्रोलबरोबर जळतं. त्यामुळे सकाळी पहिल्या किकनंतर थोडा निळा धूर येणारच. इंजिन गरम झाल्यावरही तो तसाच राहिला, तर शोध घ्यायचा. लोक लगेच म्हणतात, ‘गाडी म्हातारी झाली.’ मला हे पटत नाही. धुराला कारण असतं आणि बहुतेक वेळा ते सापडतं.

पहिली शंका ऑईलची. लिटरला वीस मिली, म्हणजे दोन टक्के पुरतं. काकूंचा भाचा ‘इंजिनाला बरं’ म्हणून अंदाजाने ओतायचा. मापी डबी आणल्यावर धूर निम्मा झाला. चोक अडकून राहिला तरी पेट्रोल जास्त जातं आणि प्लग काळा, ओला निघतो. तेही बघून घेतलं, चोक ठीक होता.

मग गिअर ऑईल. चेतकच्या गिअरबॉक्समध्ये अडीचशे मिली बसतं. काढून मोजलं तर दीडशेसुद्धा भरेना आणि खाली जमिनीवर एक थेंब नाही! मग गेलं कुठे? क्लचच्या बाजूचं ऑईल सील कडक झालं, की इंजिन गिअरबॉक्समधलं ऑईल आत ओढून जाळतं. तो धूर पांढरट, दाट असतो आणि रेस केली की वाढतो. अशा वेळी सायलेन्सर कितीही धुवा, चार दिवसांत पुन्हा तेच. सील स्वस्तातलं असतं, पण त्यासाठी इंजिन उघडावं लागतं. मजुरीचा आकडा ऐकून काकू क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘करा.’ दोन रविवार लागले. पलीकडच्या बाजूचंही सील तेव्हाच बदललं. ते गळलं तर उलट हवा आत जाते आणि गाडी आपोआप रेस होते.

शेवटी सायलेन्सर. एवढं ऑईल जळाल्यावर आत काजळीचा थर बसणारच. जळलेला गॅस बाहेर पडायला जागा उरत नाही. गाडी तापते, पिकअप जातो आणि क्रांती चौकाचा उड्डाणपूल तिसऱ्या गिअरवरही चढवत नाही. पूर्वी गॅरेजवाले सायलेन्सर सरळ जाळात टाकायचे. आवारात ते करू नका, धुराची तक्रार मिटवताना नवी तक्रार व्हायची. आम्ही कॉस्टिक सोडा वापरला. पाण्यात सोडा हळूहळू टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. हातमोजे, चष्मा हवाच आणि मुलं लांब. अ‍ॅल्युमिनियमच्या भागाला तो लागू द्यायचा नाही. सायलेन्सर लोखंडी असतो, फक्त रंग जातो. सिलेंडरच्या तोंडाची काजळी पिस्टनने तोंड झाकून लाकडी पट्टीने खरवडली, म्हणजे कचरा आत पडत नाही.

बसवताना क्लॅम्प आणि खालचा बोल्ट दोन्ही घट्ट हवेत. जोडावर काळी तेलकट रेघ दिसली आणि फट्‌फट् आवाज आला, की तिथून गॅस निसटतोय. आणि तरुण मित्रांनो, आवाजासाठी सायलेन्सर आतून पोकळ करू नका. टू-स्ट्रोकमध्ये सिलेंडरमधलं ताजं पेट्रोल बाहेर पळू नये म्हणून सायलेन्सरचाही थोडा अडसर लागतो. पोकळ केला की आवाज वाढतो, ताकद कमी होते.

अजून एक. धूर दिसला नाही तरी बंद पार्किंगमध्ये कुठलीही पेट्रोल गाडी चालू ठेवून गप्पा मारू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही, वासही नाही.

मुदत संपायला चार दिवस असताना गाडी पीयूसीला नेली. ३१ मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा साडेचार टक्के आहे. काकूंची गाडी त्याच्या बरीच खाली आली. तो कागद काकूंनी स्वतः सेक्रेटरीसाहेबांच्या हातात दिला. बाळाच्या आईने एकच अट घातली, गाडी गेटबाहेर ढकलत न्यायची आणि तिथेच किक मारायची. काकूंनी मान्य केलं. ढकलायला हल्ली बी विंगची दोन पोरं सकाळी हजर असतात.

ए विंगमधल्या दोन चेतक अजून तशाच आहेत. येत्या रविवारी सकाळी नऊला मी पंपरूमच्या मागे असेन. येताना मापी डबी आणि जुने कपडे घेऊन या.