बिनपाण्याची द्राक्षं आणि आपली ज्वारी

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापूस-ज्वारीवाल्यांच्या सभेत आज मी द्राक्षांचं बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, द्राक्षं नाशिक-सांगलीच्या पाणीवाल्यांची. आमच्या विहिरीत उन्हाळ्यात बादलीसुद्धा बुडत नाही. म्हणूनच सांगतो. हा द्राक्षमळा कोरडवाहू आहे. मी तिथे जाऊन आलेलो नाही, अभ्यासातून समजलं ते सांगतो.

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये नापा नावाचं खोरं आहे. तिथे रदरफोर्ड गावाजवळ फ्रॉग्स लीप, म्हणजे बेडूकउडी, नावाची वायनरी आहे. १९८१ साली ती निघाली. तिच्या संस्थापकांपैकी जॉन विल्यम्स हा दूधधंदा करणाऱ्या शेतकऱ्याच्या घरचा. त्या खोऱ्यात बहुतेक मळ्यांत ठिबकच्या नळ्या दिसतात. याने मात्र कोरडवाहूचा जुना रिवाज धरून ठेवला.

तिथला पाऊस हिवाळी. बहुतेक सगळा नोव्हेंबर ते मार्चमध्ये पडतो, वर्षाकाठी ७५ ते ९० सेंटिमीटर. उन्हाळाभर जवळजवळ थेंब नाही. वेल फुटते पाऊस सरता सरता आणि माल तयार होतो ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. म्हणजे सगळं पीक जमिनीतल्या ओलीवर. आता सांगा, हे कुठल्या पिकासारखं झालं? आपल्या रब्बी ज्वारीसारखं!

ओल धरायची त्यांची रीत बघा. पावसाच्या दिवसांत वेलींच्या दोन ओळींमध्ये शेंगवर्गीय हिरवळीचं पीक घेतात आणि पुढे ते मातीत मिसळतात. मग वरची माती हलवून भुसभुशीत ठेवतात, म्हणजे खालची ओल उडून जात नाही. वरून पाणी मिळत नाही म्हणून मुळं खोल जातात. आपण ज्वारीत कोळपणी आणि कपाशीत डवरणी करतो, भेगा बुजवतो, ते दुसरं काय आहे? मी कृषी पदवीचा अभ्यास केला तेव्हा कोरडवाहू म्हणजे नाइलाजाची शेती, असंच डोक्यात बसलं होतं. तिथे हीच नाइलाजाची शेती अभिमानाने मिरवतात.

पण एक सावधगिरी. ती जमीन खोल आहे आणि पाऊस सोलापूरच्या सरासरीपेक्षा बराच जास्त. आपल्या हातभर मुरमाड रानात हे जसंच्या तसं चालेल असं कोणी सांगायला आला, तर आधी त्याच्या हातात कुदळ द्या.

आता मुद्द्याचं. बिनपाण्याच्या वेलीला माल सहसा कमी येतो. मग त्याला परवडतं कसं? तो द्राक्षं मोंढ्यात नेऊन टाकत नाही. स्वतःच वाइन करतो आणि बाटलीवरची किंमत स्वतः ठरवतो. खोल मुळांच्या द्राक्षाला वेगळी चव असते, हे गिऱ्हाइकाला पटवतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून त्याच्या मळ्यांना सेंद्रिय प्रमाणपत्र आहे. माती आणि पाणी राखायचा खर्च बाटलीच्या किमतीतून भरून निघतो.

आणि आपण? आपली ज्वारी ओलीवर येते, कडब्याने जनावरं जगवते, धरणाचं पाणी मागत नाही. पण मोंढ्यात तिचं फक्त वजन होतं. ओल राखायला घातलेल्या कोळपण्या कोणी मोजत नाही. शाश्वत शेती करा, असं आपल्याला सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांना नम्रपणे एकच विचारायचं: तिचा खर्च कोण देणार?

हे विचारायचं तर आपला हिशेब पक्का पाहिजे. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने एका एकर ज्वारीचा खर्च लिहून आणावा. कोळपण्या किती, बैलजोडीचं भाडं किती, आणि घरच्या माणसांची, विशेषतः बायांची, मजुरीसुद्धा धरायची. माती टिकली पाहिजे, पाणी टिकलं पाहिजे, हे खरंच. पण ते टिकवणारा शेतकरीच टिकला नाही, तर माती कोणाच्या भरवशावर ठेवायची?